उसनी नजर

दोन वर्षांपूर्वी आषाढात मी एका माणसाचं चित्र काढलं आणि ते बिघडलं. सारखेपणा चुकला होता असं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ओळखलं असतं, माझ्या बायकोनं तर दारातूनच ओळखलं. तरीही चित्र मेलेलं होतं, आणि ते मला तिसऱ्या बैठकीलाच कळलं होतं. कबूल करायला पुढचे आठ दिवस गेले.

माणूस पेणजवळच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे आणि भुवया, रंगकामातलं शेवटचं आणि सगळ्यात जोखमीचं काम. बाकी सगळं दुरुस्त करता येतं. सोंडेवरचा रंग ओघळला तर पुसता येतो, मुकुटाची कड पुन्हा मारता येते. डोळा चुकला की मूर्ती बाजूला ठेवावी लागते. चाळीसेक वर्षं हा माणूस डोळेच काढतोय. मी अलिबागकडे शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना पोरं बसवली, उरलेल्या वेळात तैलरंगात माणसं रंगवली. रेषा म्हणजे काय हे मला जे. जे.त शिकवलं गेलं होतं, पण ते पटलं या माणसाचा हात पाहून. म्हणून निवृत्त झाल्यावर म्हटलं, आता यांचं एक पोर्ट्रेट करायचं. मी त्यांना काका म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात.

काका आले ते पांढरा टेरीकॉटचा सदरा घालून, केसांना तेल लावून. खुर्चीवर ताठ बसले, हात मांडीवर. मीही तसाच ताठ झालो. मनात सारखं चाललेलं, की केवढा मोठा कलावंत आपल्यापुढे बसलाय, नाव ना गाव कुणाला ठाऊक, आपण तरी याला न्याय द्यायला हवा. न्याय देता देता कपाळ रुंद झालं, हनुवटी जरा भक्कम झाली, नजर दूर कुठेतरी क्षितिजाकडे गेली. चार बैठकांनंतर जे तयार झालं ते ग्रामपंचायतीच्या सभागृहात हार घालून लावण्यालायक होतं. काकांनी ते पाहिलं. जवळ गेले, मागे सरले, अंगठा डोळ्यासमोर धरून काहीतरी मोजलं आणि म्हणाले, “मास्तर, दोन्ही डोळे एका माणसाचे नाहीत.”

मला आधी राग आला. मग मीही मोजलं. खरंच नव्हते. उजवा डोळा मी पहिल्या बैठकीत त्यांच्याकडे पाहून काढला होता. डावा पुढे कधीतरी, त्यांच्याबद्दल मला जे वाटतं त्यातून काढला होता.

या एका वाक्यानं मला बराच काळ छळलं, आणि हा लेख त्यातूनच आलाय. आपल्याला ज्याच्या कामानं शिकवलं अशा कलावंताचं चित्र काढणं ही वरवर सोपी, प्रेमाची गोष्ट वाटते. माझ्या मते व्यक्तिचित्रणातला तो सगळ्यात अवघड प्रकार आहे, आणि तो बहुतेक वेळा फसतो. फसतो तो हात कमी पडतो म्हणून नव्हे, आदर जास्त होतो म्हणून.

पहिली अडचण साधी आहे. ज्या गोष्टीनं आपण भारावलो ती त्या माणसाच्या चेहऱ्यावर नसते. शेतकऱ्याच्या मानेवर ऊन दिसतं, खलाशाच्या हाताला दोराचे घट्टे दिसतात. चित्रकाराच्या चेहऱ्यावर काय दिसणार? बँकेतला कारकूनही असाच दिसतो. मग चित्रकार काय करतो, तर हातात ब्रश आणि पॅलेट देतो, मागे अर्धवट कॅनव्हास टेकवतो. ती दुकानावरची पाटी झाली. आत काय माल आहे ते कळलं, माल दिसला नाही.

गोपाळराव देऊसकरांसारख्या कसलेल्या चित्रकारालाही ही अडचण चुकली नसावी. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात त्यांनी केलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं. रंगमंदिर १९६८ साली सुरू झालं, बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस, त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. मी अनेकदा मध्यंतरात चहा सोडून त्या चित्रांपुढे उभा राहिलोय. दोन का? एकात भागलं नसतं का? मला वाटतं, ज्यासाठी लोकांनी रात्री जागवल्या ते नारायणराव राजहंस नावाच्या गृहस्थाच्या चेहऱ्यात सापडणार नाही, हे देऊसकरांना ठाऊक होतं. ते पदरात होतं, मानेच्या वळणात होतं. म्हणून त्यांनी माणसाशेजारी त्याचं काम उभं केलं. नटाच्या बाबतीत हे जमतं, कारण त्याचं शरीर हेच त्याचं काम. चित्रकाराशेजारी काय उभं करणार? त्याचंच एखादं चित्र? मग बघणारा त्या चित्रातल्या चित्राकडेच बघत बसेल, आणि बघावंच.

(लेखकांचं बरं असतं. पु. ल. ‘गणगोत’मध्ये माणूस उभा करतात तेव्हा त्यांना वीस पानं मिळतात, माणूस बोलतो, चिडतो, म्हातारा होतो. आमच्याकडे एक क्षण आणि तीन फूट कापड.)

दुसरी अडचण आदराची. ती समजायला मला सासवण्याला जावं लागलं, म्हणजे पुन्हा जावं लागलं. मांडव्याला लाँचमधून किंवा आता रो-रोमधून उतरून अलिबागकडे निघालं की थोड्याच अंतरावर सासवणे लागतं. तिथं शिल्पकार करमरकरांचं घर आहे आणि घरातच त्यांचं संग्रहालय. मुंबईहून समुद्रावर जाणारी माणसं वाटेत तासभर थांबतात, म्हशीच्या शिल्पाच्या पाठीवरून हात फिरवतात, फोटो काढतात. विनायक पांडुरंग करमरकर याच गावात १८९१ साली जन्मले. पोरवयात त्यांनी गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. कुलाबा जिल्ह्याचे तेव्हाचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला ते पडलं आणि त्यांच्या खटपटीनं हा मुलगा जे. जे.त पोचला. याच रॉथफील्डनं पुढे भारतातल्या स्त्रियांवर पुस्तक लिहिलं, त्यातली चित्रं धुरंधरांची. साहेबाला माणसं हेरण्याचा डोळा होता, एवढं मान्य करायला हवं.

पुढे करमरकर कलकत्त्याला गेले, इंग्लंडला गेले, नाव झालं. पुण्यातला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, १९२८ सालचा. तो उभा राहिल्यावर आयुष्यभर राजे आणि पुढारीच घडवत बसायला हरकत नव्हती, मागणीही होती आणि पैसाही. पण सासवण्याच्या घरात आणि अंगणात तुम्ही फिरलात तर भेटतात ती आजूबाजूची माणसं. कोळ्यांची मुलगी, गावातली बाया-माणसं, म्हैस, कुत्रा. बरंचसं काम सिमेंटमधलं. ब्राँझचा थाट नाही, संगमरवराची सोवळी झळाळी नाही. या किनाऱ्यावरचं खारं वारं सोसेल असं राखाडी, खरबरीत काम.

मी पहिल्यांदा तिथं गेलो १९८४ साली, कॉलेजात असताना. तेव्हा पाहिलं ते एवढंच, की केवढं हुबेहूब! या वेळी काकांचं वाक्य डोक्यात घेऊन गेलो तर वेगळंच दिसलं. म्हशीचा कान घ्या. कानाच्या मुळाशी कातडीची जी घडी पडते, ती जितक्या मन लावून केलीय तितक्याच मन लावून माणसांच्या चेहऱ्यांवरचे स्नायू केलेत. कमी नाही, जास्तही नाही. म्हशीला मोठं करायचं नाही, कोळणीला देवी करायची नाही, आणि ज्याचे पुतळे चौकात बसायचे अशा माणसालाही त्याच्या हाडामांसापेक्षा वर चढवायचं नाही. ही समान नजर हेच माझ्या लेखी करमरकरांचं खरं काम. बाकी कौशल्य पुष्कळांकडे असतं.

आणि तिथं मला माझी एक जुनी चूक आठवली. आमच्या शाळेच्या हॉलसाठी जिल्ह्यातल्या थोर व्यक्तींची चित्रं करायची टूम निघाली होती, तेव्हा मी फोटोवरून करमरकरांचं पोर्ट्रेट केलं होतं. भव्य कपाळ, मागे तेजाची छटा, ओठांवर किंचित स्मित. ज्या माणसानं म्हशीलासुद्धा खोटं मोठेपण दिलं नाही, त्याला मी ते दिलं. म्हणजे त्याच्याकडून काय शिकलो? शाल आणि श्रीफळ द्यायला शिकलो.

तेव्हा माझं म्हणणं असं, की ज्याच्याकडून आपण बघायला शिकलो त्याचं चित्र काढायचं असेल तर त्याचीच नजर त्याच्यावर लावावी. करमरकरांचं चित्र काढायचं तर करमरकरांनी म्हैस जशी पाहिली तसं करमरकरांकडे पाहावं. वरून नाही, खालूनही नाही. ऐकायला हे उद्धट वाटेल. पण गुरूनं शिकवलेलं गणित गुरूच्याच हिशेबाला लावून बघितलं नाही, तर ते आपल्याला आलंय की नाही हे कळायचं कसं?

युरोपच्या चित्रकलेत अशा चित्रांची रास आहे, कारण तिकडे चित्रकार एकमेकांना भाड्याशिवाय मिळणारं मॉडेल म्हणून सर्रास बसवत. त्यातली बहुतेक मला आता दोन ढिगांत पडताना दिसतात. फाँतँ-लातूरनं १८६४ साली, देलाक्र्वा गेल्याच्या पुढच्या वर्षी, त्याला मानवंदना म्हणून एक मोठं चित्र केलं. मधे देलाक्र्वाचं चौकटीतलं चित्र, भोवती काळ्या कोटातली मंडळी, त्यांत माने, व्हिस्लर, कवी बोदलेअर. शोकसभेचा फोटो. रंगांच्या त्या वादळी माणसाची नजर त्या कॅनव्हासवर कुठंही फिरकलेली नाही. त्यामानानं मॉरिस दनीनं १९०० साली शहाणपणा केला. ‘सेझानला मानवंदना’ नावाच्या त्याच्या चित्रात सेझान स्वतः नाहीच. इझलवर सेझानचं एक स्थिरचित्र आहे, फळांचं, आणि भोवती रेदाँ, बोनार, व्युयार वगैरे मंडळी उभी आहेत. त्या स्थिरचित्राचा मालक एकेकाळी गोगँ होता. चेहऱ्यात काम सापडत नसेल तर चेहराच गाळा, असा दनीचा तोडगा. प्रामाणिक आहे, पण अडचणीला वळसा घालणारा आहे.

माझ्या मताचं चित्र आहे ते मानेचं. १८७४च्या उन्हाळ्यात आर्जांतोयला मोने एका होडीवर छप्पर घालून तिचा स्टुडिओ करून नदीत बसायचा. माने वयानं आणि नावानं मोठा, स्टुडिओत काळे रंग वापरणारा, पॅरिसचा नागरी माणूस. त्यानं मोनेला होडीत चित्र काढताना रंगवलं. मोनेचा चेहरा म्हणजे जेमतेम चार-पाच फटकारे. बायको मागे होडीच्या खोलीत बसलीय, तिचाही चेहरा धूसर. पाण्याला जेवढा मान, तेवढाच माणसाला. मोने ज्या तऱ्हेनं जग पाहत होता, सगळं एका उजेडात न्हालेलं आणि कशालाच खास जागा नाही, त्याच तऱ्हेनं मानेनं मोनेला पाहिलं. तरी चित्र मानेचंच आहे, मोनेचं म्हणून ते खपणार नाही. ब्रश ओढण्याची ती बेफिकीर ऐट मोनेकडे कधीच नव्हती. नजर उसनी, हात आपला.

आमच्याकडे मासेमारीच्या होडीत बसून कुणी चित्रं काढल्याचं मला माहीत नाही. रेवसच्या धक्क्यावर एकदा मी प्रयत्न केला, उलटी झाली.

आता यावर आक्षेप येणार, आणि तो मीच स्वतःवर वर्षभर घेत होतो. नजर उसनी घ्यायची म्हणजे शैलीची नक्कल करायची का? हा गोंधळ मी प्रत्यक्ष केलाय, बरव्यांच्या बाबतीत. चित्रकार प्रभाकर बरवे १९३६ साली नागावात जन्मले. नागाव अलिबागच्या दक्षिणेला, सासवणे उत्तरेला, मधे एसटीनं तासाभराची वाट. आणि करमरकर नात्यानं बरव्यांचे आजोबा लागत. एकाच घराण्यातून, एकाच किनाऱ्यावरून, दोन पिढ्यांच्या अंतरानं आलेल्या दोन माणसांच्या कामात इतकं टोकाचं अंतर क्वचित दिसतं. करमरकरांकडे माणूस आणि जनावर, भरीव, वजनदार, हात लावावा असं. बरव्यांच्या चित्रांतून माणूस जवळजवळ निघून गेलेला. तिथं घड्याळ, टाचणी, पान, किल्ली, ढग, आणि या सगळ्यांच्या मधली मोकळी जागा. विणकर सेवा केंद्रातली नोकरी त्यांनी १९८२पर्यंत केली, वर्षानुवर्षं डायऱ्या लिहिल्या, आणि ‘कोरा कॅनव्हास’ हे मराठीत चित्रकलेवर विचार करणाऱ्या फार थोड्या पुस्तकांपैकी एक पुस्तक १९९० साली दिलं. १९९५मध्ये ते गेले.

मी ते पुस्तक वाचून पेटलो होतो. त्या भरात बरव्यांचं एक चित्र केलं. मधे चेहरा, फोटोवरून, नीट शेडिंग करून. आणि चेहऱ्याभोवती हवेत तरंगणारं घड्याळ, पान, टाचण्या. मित्रांनी वाहवा केली. तो सगळा सजावटीचा माल होता. बरव्यांची नजर त्यात असती तर घड्याळाची पहिली टक्कर चेहऱ्याशी झाली असती. टाचणीला आणि माणसाला त्यांनी एकाच पातळीवर आणून ठेवलं असतं, आणि मग त्या दोघांमधल्या रिकाम्या जागेत काय चाललंय हे विचारलं असतं. मी चेहरा राजासारखा मधे बसवला आणि त्यांच्या वस्तू दरबारी म्हणून भोवती उभ्या केल्या. शैली घेतली, नजर टाकून दिली.

खरं तर बरव्यांचं व्यक्तिचित्र मला आज करायचं झालं तर मी त्यांचा चेहरा काढीन, पण टेबलावर ठेवलेल्या वस्तूसारखा काढीन. कप असतो तसा. शेजारी खरोखरचा कप. आणि सगळी मेहनत त्या दोघांच्या मधल्या चार इंचांवर करीन. जमेल की नाही ठाऊक नाही. व्हॅन गॉगनं १८८८च्या नोव्हेंबरात गोगँची रिकामी खुर्ची रंगवली, तिच्यावर मेणबत्ती आणि दोन पुस्तकं, ती मला बरव्यांच्या फार जवळची वाटते. त्या खुर्चीत गोगँ जेवढा आहे तेवढा गोगँच्या फोटोंत नाही.

गोगँ. इथं माझ्या म्हणण्याला खरा धक्का बसतो, म्हणून त्याला टाळून पुढे जाणं बरोबर नाही. त्याच हिवाळ्यात, आर्लमध्ये दोघं एका घरात राहत असताना, गोगँनं व्हॅन गॉगला सूर्यफुलं रंगवताना दाखवलं. त्या थंडीत सूर्यफुलं असतात कुठली? ती गोगँनं मनानंच मांडली. व्हॅन गॉग निसर्ग समोर असल्याशिवाय ब्रश उचलायला नाखूश, आणि गोगँ म्हणणार की आठवणीतून आणि मनातून रंगव. दोघांचं भांडण याच मुद्द्यावरचं. म्हणजे गोगँनं व्हॅन गॉगकडे व्हॅन गॉगच्या नजरेनं पाहिलं नाही, त्यानं स्वतःची नजर त्याच्यावर लादली. डोळे अर्धे मिटलेले, ब्रश काडीसारखा बारीक, माणूस खाली कोपऱ्याकडे सरकलेला. गोगँनं पुढे सांगितलं त्यावरून व्हॅन गॉगला ते चित्र आपलंच वाटलं, पण वेडा झालेला आपण. थोड्याच दिवसांत व्हॅन गॉगनं स्वतःचा कान कापल्याचं ते प्रकरण घडलं.

ते चित्र थोर आहे. मी कितीही सिद्धांत मांडला तरी त्या चित्रापुढे तो टिकत नाही. त्यात उसनं काहीच नाही, कृतज्ञता तर मुळीच नाही. मी एवढंच म्हणू शकतो, की गोगँनं ते चित्र ऋण फेडायला काढलं नव्हतं, वादात जिंकायला काढलं होतं. आणि आदर सोडण्याचे दोन रस्ते आहेत, त्यातला एक हा. ज्याच्या अंगात तेवढी आग आहे त्यानं त्या रस्त्यानं जावं. पेन्शन घेणाऱ्या ड्रॉइंग मास्तरानं जाऊ नये. मला काकांशी काही जिंकायचं नव्हतं.

आमच्या काळातल्या मुंबईत अतुल दोडियांनी यातून एक खेळकर वाट काढली. १९९४च्या ‘द बॉम्बे बकनीअर’मध्ये त्यांनी स्वतःला ‘बाजीगर’च्या पोस्टरमधल्या नायकासारखं रंगवलं आणि गॉगलच्या दोन काचांत दोन चित्रकार, हॉकनी आणि भूपेन खख्खर. ज्यांच्या नजरेनं आपण बघतो ते शब्दशः डोळ्यांवर चढवलेले. विनोद आहे, पण विनोदात एक कबुली आहे जी शंभर गंभीर मानवंदनांत सापडत नाही.

आणखी एक प्रश्न लोक मला विचारतात आणि मला तो आवडत नाही. काका कलावंत कसे? ते कारागीर. साच्यातून निघालेल्या मूर्तीला डोळे काढणारे. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात घरोघरी कारखाने आहेत, लाखांनी मूर्ती बाहेर पडतात, कुठल्याच मूर्तीवर सही नसते आणि दीड दिवसानं, पाच दिवसांनी, फार तर अनंत चतुर्दशीला सगळं काम पाण्यात जातं. मी वाद घालत नाही. मात्र हे ऐकून मला त्यांना ‘वाचवायची’ जी खुमखुमी येते, निदान यांचं एक चित्र तरी मागे राहू दे म्हणून, तीसुद्धा आदराचीच एक जात आहे, हे आता कळलंय. काकांना मागे काही राहण्याची फिकीर नाही. त्यांना दर सीझनला फिकीर असते ती पावसाची, कारण हवा दमट असली की रंग वाळत नाही.

तर दुसऱ्यांदा मी त्यांना माझ्याकडे बोलावलं नाही. श्रावण लागायच्या आधी मीच कारखान्यात गेलो, इझल न नेता, नुसती वही घेऊन, आणि तीन दिवस कोपऱ्यात बसलो. बाहेर निळं प्लास्टिक लावलेलं, त्यावर पावसाचा आवाज. आत बल्ब. पोरं स्प्रे गननं अंगाचा रंग मारत होती. रांगेनं पाटांवर पन्नास-साठ मूर्ती, सगळ्या आंधळ्या.

काका स्टुलावर बसतात आणि मूर्ती आपल्या छातीच्या उंचीला घेतात. डावा हात मूर्तीच्या मुकुटामागे. उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवलेली, बाकीची बोटं ब्रशसकट हवेत. आधी वरच्या पापणीची रेष, आतल्या कोपऱ्यातून बाहेर, एका दमात. दम खरोखर रोखलेला असतो, रेष संपली की नाकातून बारीक आवाज येतो. मग खालची रेष, ती जरा सैल. मग दुसरा डोळा, पण तो काढण्याआधी ते मूर्तीकडे बघतच नाहीत. मान वळवून दाराकडे, पावसाकडे बघतात. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “पहिला डोळा बघत बसलं की दुसरा त्याची नक्कल होतो. नक्कल केली की दोन्ही डोळे दोन माणसांचे होतात.” बुबुळं शेवटी, आणि दोन्ही किंचित खाली, कारण माणूस पाटासमोर जमिनीवर बसून हात जोडतो.

तिथं त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. काम करताना तोंड थोडं उघडं असतं, खालचा ओठ लोंबलेला, एक डोळा बारीक. देखणं नाही. सदऱ्याला बटण नाही, गळ्यात पंचा, पंच्याला सोनेरी रंग. मूर्तीकडे बघताना त्या नजरेत भक्ती शोधूनही सापडत नाही. नारळवाला नारळ वाजवून बघतो तशी नजर. पुढे गणपतीत कितीतरी घरांत त्या मूर्तीपुढे लोक रडणार, नवस बोलणार, आणि हे सगळं ज्या डोळ्यांमुळे घडणार ते काढणारा माणूस मातीकडे माती म्हणून बघतोय. देव बाप्पा होतो तो नंतर, लोकांच्या घरी. कारखान्यात तो शाडू असतो, आणि तसा असला तरच डोळा बरोबर बसतो.

मग मी तेच केलं. घरी येऊन त्या वहीवरून काकांचं चित्र सुरू केलं, आणि ते काका आहेत हे जमेल तेवढं विसरलो. कपाळ म्हणजे एक उतार. गालफड म्हणजे बल्बचा पिवळा आणि बाहेरच्या प्लास्टिकचा निळा जिथं भेटतात ती कड. आम्हाला शिकवलं होतं की पोर्ट्रेटमध्ये डोळे लवकर मांडून घ्यावेत, सारखेपणा तिथून पकडता येतो. मी डोळे शेवटपर्यंत कोरे ठेवले. तीन आठवडे घरात एक आंधळा माणूस इझलवर होता, बायको म्हणाली निदान कापड तरी टाका त्याच्यावर. मग एका सकाळी करंगळी कॅनव्हासला टेकवून एक डोळा काढला, खिडकीतून बाहेर पावसाकडे बघत दोन मिनिटं बसलो आणि दुसरा काढला. काकांच्या रेषेसारखी रेष मला येत नाही, येणारही नाही. माझी रेष जाड आहे आणि मधेच थांबते. ती तशीच राहू दिली.

विसर्जनं आटपल्यावर, पितृपक्षात कधीतरी काका अलिबागला दवाखान्याच्या कामानं आले होते तेव्हा घरी आले. मी चहा टाकायला सांगितला आणि त्यांना चित्रापुढे उभं केलं. बराच वेळ बघत होते. अंगठा वर केला नाही. डोळ्यांबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. मग पुढे होऊन कानाच्या पाळीपाशी बोट नेलं, लावलं नाही.

“हा तांबूस कसा काढलात?”

मी सांगितलं, लाइट रेड, त्यात किंचित रोझ मॅडर, आणि खालचा थर ओला असतानाच.

“ओला असताना,” ते म्हणाले. “आमचा कान नेहमी मेल्यासारखा येतो. स्प्रेनं मारतो ना.” मग चहा घेतला, आणि पेणची बस किती वाजता आहे ते विचारलं.